अंगणवाडीच्या इतिहासात थोरली बहीण शोधताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या विषयाचं नाव होतं 'रायगड किनाऱ्यावरील स्त्रीशिक्षण'. गाइडनी प्रस्ताव वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "मुलगी शाळेत गेली, तर धाकटं भावंडं कोण सांभाळतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज लिहितेय ते या एका प्रश्नाने माझी शोधाची दिशा कशी बदलली त्याबद्दल. तुम्ही प्रस्ताव लिहीत असाल तर उपयोग होईल.

आधी एक साधी गोष्ट. रायगड जिल्ह्याचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं. म्हणजे जुनी कागदपत्रं शोधताना 'रायगड' टाकलंत तर हाती फार थोडं लागेल. 1883 चं ब्रिटिशकालीन गॅझेटियरही 'कुलाबा आणि जंजिरा' याच नावाने आहे. त्यात लोकसंख्या, शेती, व्यापार, शिक्षण, आरोग्य अशी प्रकरणं आहेत. मूल सांभाळणं या कामाला मात्र स्वतंत्र प्रकरण नाही. जनगणनेतही फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' या रकान्यात जाते. मग भावाला कडेवर घेऊन बसलेली नऊ वर्षांची मुलगी कामकरी म्हणून कशी दिसणार?

म्हणून मी शोध उलट बाजूने सुरू केला. हे काम घराबाहेर कोणी नेलं, ते आधी बघायचं ठरवलं. त्यासाठी किनाऱ्यानेच उत्तरेला, मुंबई ओलांडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला जावं लागतं.

1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यापूर्वी गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला होता. माँटेसरींची पद्धत तोवर आपल्याकडे मुख्यतः शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांपुरती होती. ती गरीब खेड्यात चालेल का, हा ताराबाईंचा प्रश्न. त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. अनुताई लहानपणी लग्न होऊन तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या.

गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आणि भावंडं सांभाळावी लागतात म्हणून जी मुलं शाळेबाहेर राहत, त्यांच्यासाठी 'विकासवाडी' आली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एका जागी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात!

इथे मी थांबले. गाइडच्या प्रश्नाचं उत्तर विकासवाडीच्या रचनेतच होतं. तरी ग्रंथालयात ही पुस्तकं मला 'बालशिक्षण' या कपाटात मिळाली, 'स्त्रिया' या कपाटात नाही. मी इतके दिवस चुकीच्या कपाटापुढे उभी होते.

पण उत्साहात घसरू नका. 'बोर्डीचा प्रयोग म्हणजे स्त्रीमुक्तीची चळवळ' असं लिहिलंत तर ते चूक ठरेल. ताराबाईंच्या विचाराच्या मध्यभागी मूलच होतं. मी फक्त एवढंच म्हणतेय की मुलासाठी केलेल्या सोयीमुळे बहिणीचा आणि आईचा वेळ मोकळा होत होता. हेतू वेगळा, परिणाम वेगळा. इतिहास लिहिताना दोन्ही वेगळे धरायला हवेत.

आता पुढचा टप्पा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण, आहार-आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा. लाभार्थ्यांची यादी नीट वाचा. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यावर भर आहे. बाई इथे येते ती प्रामुख्याने आई म्हणून. थोरली बहीण यादीत नाही. दिवसभराचं पाळणाघरही नाही. नाव प्रवासाला निघालं, पण विकासवाडीतला पाळणा मागेच राहिला.

सरकारला हे कळत नव्हतं असंही नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट म्हटलंय की भावंडं सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावं आणि गरीब कष्टकरी बायकांना आधार मिळावा यासाठी पाळणाघरं काढली जातील. म्हणजे थोरली बहीण अखेर धोरणाच्या कागदावर आली.

कागदावरून किनाऱ्यावर परत येऊ. अलिबागजवळचं थळ, नवगाव, वरसोली किंवा उरणचं करंजा डोळ्यांसमोर आणा. कोळी बाईचा दिवस घड्याळावर चालत नाही. होडी कधी लागते, लिलाव कधी होतो, मग टोपली घेऊन बाजार कधी गाठायचा, यावर तो चालतो. अंगणवाडी दिवसातले ठरावीक काही तास उघडी. उरलेल्या वेळात मूल कोणाकडे? आजीकडे, जावेकडे, नाहीतर थोरल्या मुलीकडे. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पाळणाघर सक्तीचं केलं, पण 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना. बंदरावर मासे विकणारीचं 'आस्थापन' कुठलं?

आणि अंगणवाडी चालवते कोण? तीही गावातलीच बाई. तिला पगार नाही, 'मानधन' मिळतं. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सांगायला एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. जे काम घरात थोरली बहीण फुकट करते, ते अंगणात आलं तरी पूर्ण काम म्हणून मोजलं जात नाही, असं मला वाटतं. माझ्या प्रबंधाचा मुद्दा आता हाच आहे.

तर तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, स्थळाचं जुनं नाव शोधा. दोन, तुमचा विषय दुसऱ्याच कपाटात ठेवलेला असू शकतो; विषयाच्या नावाने शोधू नका, कामाच्या नावाने शोधा. तीन, कुठल्याही योजनेची लाभार्थी यादी हातात आली की तिच्यात कोण नाही ते आधी लिहून काढा.

अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मिळालं तर जरूर वाचा. वाचताना मुलांकडे बघालच. पण मुलाला दारापर्यंत कोणी आणून सोडलं आणि सोडून ती कुठे गेली, तेही बघा. माझ्या प्रबंधाचं नाव मी बदललंय. त्यात आता 'शिक्षण' हा शब्द आहेच, त्याच्या आधी 'सांभाळ' आलाय.