घाटाचा उतार आणि छोट्या गाडीचा ब्रेक

सातारा-सांगलीकडच्या माणसाला ब्रेकचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुण्याकडे निघालं की खंबाटकी, वाईहून पाचगणीला जायचं तर पसरणी, कराडहून चिपळूणला उतरायचं तर कुंभार्ली. मी लहान असताना वडिलांच्या फियाटमधून आम्ही पसरणी उतरत होतो. निम्म्या घाटात ब्रेकचं पेडल खाली खाली जायला लागलं. वडिलांनी गिअर खालचा टाकला, हॅण्डब्रेक ओढत गाडी कडेला घेतली. चाकांना जळका वास येत होता. अर्धा तास थांबलो, आणि ब्रेक पुन्हा नीट लागायला लागले! असं का झालं, हे समजायला थोडं इतिहासात जावं लागतं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला नाव आहे ते याच वालचंदांचं. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडली. पुढे तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मूळ बांधणी 1950 च्या दशकातली, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिकडे जग पुढे गेलं होतं. डिस्क ब्रेकचं पेटंट लँचेस्टर यांनी 1902 मध्येच घेतलं होतं. 1953 मध्ये ले मान्सची शर्यत डिस्क लावलेल्या जॅग्वारनं जिंकली, 1955 मध्ये सित्रोएननं रोजच्या वापरातल्या गाडीला पुढे डिस्क दिल्या. आपल्याकडे परवाना पद्धतीमुळे स्पर्धाच तोकडी, त्यामुळे गिऱ्हाईक मिळेल ती गाडी घ्यायचं. डिस्क आपल्या छोट्या गाड्यांत रुळली ती मारुती 800 मुळे.

आता ड्रम गरम झाला की फुगतो, म्हणजे आतल्या शूपासून लांब जातो. म्हणून पेडल खाली जातं. लायनरची पकडही उष्णतेनं कमी होते. डिस्क उघडी असते, वारा लागतो, आणि ती फुगली तरी पॅडकडेच सरकते. सांगलीच्या सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही, पसरणीत जाणवतो.

मग जुन्या गाडीला काय घ्यावं? डिस्क असेल तर आधी जाडी मोजा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली की बदलायची, आणि दोन्ही बाजूंची एकदमच, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. नव्या डिस्कबरोबर पॅडही नवे घ्या. डिस्कवरचं गंजरोधक तेल पुसा, आणि पहिले काही दिवस जोरात ब्रेक दाबू नका. पॅड बसायला वेळ लागतो. फार कडक, शर्यतीचे पॅड घेऊ नका. ते गरम झाल्यावरच धरतात, आणि आपण तर सकाळी गार गाडी घेऊन बाजाराला निघतो.

किर्लोस्करवाडी 1910 पासून आपल्या शेजारी, तेव्हा बिडाची पारख इथल्या माणसाला आहे. ड्रम लेथवर टर्न करता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे. पातळ ड्रम लवकर तापतो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

“पद्मिनीला डिस्क बसवू का?” असं मघाशी एका काकांनी विचारलं. काका, नुसती डिस्क बसवून भागत नाही. मास्टर सिलिंडर बदलावा लागतो, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जुळवावा लागतो. तो जुळला नाही तर आहे त्यापेक्षा वाईट. त्याआधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रतीचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. दर दोन वर्षांनी ते बदला.

आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. त्या दिवशी वडिलांनी हे सुरुवातीपासून केलं असतं, तर थांबावंच लागलं नसतं.