राब, टाहाळ आणि आपलं रान



थंडी ओसरू लागली की कर्जत-खालापूरच्या उतारांवर कोयते चालू होतात. ऐन, किंजळाच्या फांद्या उतरतात, भारे खाचराच्या कडेला येऊन सुकत पडतात. मग शेण, त्यावर टाहाळ, त्यावर पातेरा नि गवत, वरून बारीक मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट अंगानं काडी लावायची. राब कसा भाजायचा हे मी तुम्हाला शिकवायला नको. पण याच राबासाठी एके काळी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला होता, हे ठाऊक आहे का?

१८७८ साली इंग्रज सरकारनं जंगल कायदा केला. त्या वेळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा कर्जतचाच पेटा. कायदा आला आणि राखीव रानाच्या हद्दी पडू लागल्या. काल ज्या झाडाची फांदी बिनदिक्कत तोडली, त्याच झाडाखाली आज रखवालदार उभा. भातशेतीला जोडून जे वरकस असायचं, त्यात नागली-वरी व्हायची आणि राबाला टाहाळही मिळायचा. पण सगळ्यांचं तेवढ्यावर भागत नव्हतं. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब हा त्यातला मोठा वादाचा विषय.

जंगल खात्याचं म्हणणं, राबामुळे झाडं खुरटतात. शेतकऱ्याचं म्हणणं, राब नाही तर रोप नाही आणि रोप नाही तर भात नाही. गंमत अशी की दोघांचंही खरं होतं! त्या काळचे शेती संचालक ओझॅन यांनी राबाचे प्रयोग करून पाहिले, तेव्हा हा काही अडाणी रिवाज नाही, हे सरकारच्याही ध्यानात आलं. राब भाजल्यानं वरची माती तापते, तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं. नुसती राख आणून टाकली तर तेवढा गुण येत नाही. त्याला जोडीची दुसरी वस्तू त्या काळी कुणाच्या हाती नव्हती. म्हणून बंधनं घालून टाहाळीची सवलत चालू राहिली.

आता रान उघडं पडलं ते एकट्या राबानं का? नाही, हेही स्पष्ट सांगतो. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तिला लाकूड लागलं. मुंबईच्या चुलींना जळण नि कोळसा लागला. आपले कातकरी बांधव पूर्वी खैराचा कात काढत. पुढे तो मार्ग आवळला गेला आणि कोळशाच्या भट्ट्यांवर ठेकेदाराची उचल घेऊन राबणं त्यांच्या नशिबी आलं. रान गेलं ते मोठ्यांच्या गाडीतून, आणि दंड भरला मोळीवाल्या बाईनं, असंही पुष्कळदा झालं. १९३० मध्ये उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबरला गोळीबार होऊन आठ जण हुतात्मा झाले. रान हा पोटाचा प्रश्न होता म्हणून माणसं तिथवर गेली. स्वातंत्र्यानंतर १९७५ च्या कायद्यानं खाजगी जंगलंही सरकारकडे आली, १९८० मध्ये केंद्राचा वनसंरक्षण कायदा झाला, आणि दळीच्या जमिनी कसणाऱ्यांना २००६ च्या वनहक्क कायद्यानं दावा करायची वाट मिळाली.

कायदे झाले, पण कोयता थांबला नाही. मागच्या उन्हाळ्यात माथेरानच्या पायथ्याला एका म्हाताऱ्या बाबांनी मला त्यांच्या वरकसातला ऐन दाखवला. खांबासारखा उभा, शेंड्याला चार पानं. म्हणाले, “साहेब, माझ्या बापाच्या वेळी याच्याखाली गुरं बसायची. राब सोडा म्हणता, सोडतो. पण तण उपटायला तुम्ही येणार का?”

मला उत्तर देताना जरा जड गेलं. कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शेतकऱ्याला राबाशिवाय रोप करायला लावलं, आणि रोपापेक्षा तणच जास्त उगवलं. चूक माझी होती. शेणखत कच्चं होतं आणि वाफा सपाट ठेवला होता. तेव्हा हे नीट ऐका. रोपासाठी गादीवाफा करा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. गिरणीतला तूस जाळून काळी राख करा, ती चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळा. पहिल्या पावसानं उगवलेलं तण एकदा मोडून मग पेरा. चार दिवस उशीर झाला तरी चालेल. नेरळच्या सगुणा बागेतून आलेल्या भाताच्या पद्धतीत तर चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून राबही नाही. मात्र तिथं तणनाशकावर भिस्त जास्त असते, हे धरूनच निर्णय घ्या. सगळं शेत एकदम बदलू नका. पहिल्या वर्षी दोन वाफे बिनराबाचे करा, शेजारी नेहमीचा राब ठेवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

खाचरात हिरवळीच्या खतासाठी बांधावर गिरिपुष्प लावा. लावणीच्या आठ-दहा दिवस आधी गुंठ्याला ३० किलो कोवळा पाला चिखलात गाडता आला पाहिजे. मृगाचा पाऊस पडला की हातभर लांबीची, अंगठ्याएवढी जाड, पक्क्या फांदीची खुंटं बांधावर रोवायची, आणि पहिली दोन वर्षं त्यांना कोयता लावायचा नाही.