एरंडेल, वंगण आणि एक बटण

आमच्या लहानपणी शाळेला मे महिन्याची सुटी पडली की पहिला कार्यक्रम ठरलेला असे. तो म्हणजे एरंडेल! आजी पहाटे उठवायची, कोऱ्या चहात ते दाट, चिकट तेल मिसळायची आणि नाक दाबून पाजायची. फोंडा महालातल्या माझ्या वयाच्या वाचकांना त्या चवीची आठवण करून द्यायला नको. पण याच एरंडेलाने एके काळी विमाने उडवली आणि शर्यतीच्या मोटारी पळवल्या, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. तेही माझ्या भाच्यामुळे.

मी सरकारी कारकून, पदवी कला शाखेची. गाडीचे बॉनेट उघडले की मला पाणी कुठे घालायचे एवढेच कळते. भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक जुनी पण दमदार विदेशी गाडी घेतली. अश्वशक्ती तीनशेच्या आसपास. मी ज्या मारुती ८०० वर गाडी शिकलो तिची होती ३७! एका रविवारी तो घरी आला आणि म्हणाला, "मामा, गॅरेजवाला म्हणतो, आपल्या उकाड्यात पातळ ऑइल टिकत नाही, वीस-पन्नास घाल. गाडीच्या पुस्तकात पाच-तीस लिहिलंय. कोणाचं ऐकू?"

"छापलेलं असेल त्याचं ऐक," मी म्हणालो. तोंडी सांगण्यापेक्षा कागद मोठा, हा आम्हा कारकुनांचा धर्मच. त्याने अर्थातच गॅरेजवाल्याचे ऐकले.

जाता जाता त्याने डॅशबोर्डवरचे एक बटण दाखवले. ट्रॅक्शन कंट्रोल. "हे चालू असलं की गाडी दावणीला बांधल्यासारखी वाटते. मी बंदच ठेवतो."

त्यानंतरच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या संध्याकाळी, फर्मागुडीच्या वळणावर ती गाडी स्वतःभोवती फिरली आणि रस्त्याकडेच्या चिखलात उलट्या तोंडाने उभी राहिली. समोरून कोणी येत नव्हते, एवढेच नशीब. बहिणीला फोनवर बोलवत नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या एका बेफिकीर उत्तरावर मी त्याची बोळवण केली होती, हे डाचत राहिले. मग आम्हा कला शाखेवाल्यांची जी खोड असते ती उफाळून आली : हे सगळे आले कुठून, ते शोधू लागलो.

सुरुवात एरंडेलापासूनच करू. चार्ल्स वेकफिल्ड हा इंग्रज गृहस्थ आधी व्हॅक्यूम ऑइल या अमेरिकन कंपनीत नोकरीला होता. १८९९ मध्ये त्याने लंडनात स्वतःचा वंगणाचा धंदा सुरू केला. ग्राहक मुख्यतः आगगाड्या आणि अवजड यंत्रे. पुढे मोटारी आणि विमाने आली. त्यांची इंजिने जास्त तापत, जास्त वेगाने फिरत. नुसते खनिज तेल कमी पडू लागले, तेव्हा त्याने त्यात मोजून एरंडेल मिसळले आणि १९०९ मध्ये त्या तेलाला नाव दिले कॅस्ट्रॉल. एरंडेलाचे इंग्रजी नाव कॅस्टर, त्यावरून हे कॅस्ट्रॉल! पेट्रोल पंपावर रोज दिसणाऱ्या डब्यावर आजीचे औषध लिहिलेले आहे, हे मला कधी दिसलेच नव्हते.

एरंडेलाचा गुण असा की ते धातूला धरून राहते. उष्णतेत, दाबाखाली त्याचा पापुद्रा सहजी फाटत नाही. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांत पंख्याबरोबर अख्खे इंजिनच गरगर फिरत असे, आणि पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच जाई. साधे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून वाहून गेले असते. एरंडेल सहजी विरघळत नाही, म्हणून तेच वापरत. धुराबरोबर ते बाहेर उडे आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. परिणाम काय होत असेल, ते मे महिन्याच्या सुटीतल्या आम्हा मुलांना विचारा! जगात सर्वांत जास्त एरंडी आजही आपल्या देशात पिकते, मुख्यतः गुजरातेत.

पण एरंडेलात खोटही आहे. तापून तापून ते डिंकासारखे चिकटते. इंजिन वरचेवर उघडून साफ करणाऱ्या शर्यतवाल्यांना ते परवडते, रोज ऑफिसला जाणाऱ्याला नाही. म्हणून रोजच्या गाडीत खनिज तेल राहिले, आणि प्रश्न आला तो त्याच्या दाटपणाचा. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने १९११ मध्ये तेलांची दाटपणानुसार वर्गवारी केली. डब्यावरचे आकडे त्यातूनच वाढत आले. '५डब्ल्यू-३०' मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा तेल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा ते शंभर अंश सेल्सियसला किती दाट उरते ते.

इथेच आमच्या गॅरेजवाल्याची गल्लत होती. त्याला वाटले, गोव्यात हिवाळा नाही, तेव्हा दाट तेच चांगले. पण इंजिनाच्या दृष्टीने आपली तीस अंशांची सकाळसुद्धा थंडच. चालू इंजिनातले तेल शंभराच्या आसपास असते, त्यापेक्षा सकाळचे तेल कितीतरी घट्ट. ते वरपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. जुन्या पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनांत फटी मोठ्या असत, त्यांना वीस-चाळीस, वीस-पन्नास मानवत असे. नव्या इंजिनाच्या फटी बारीक, आणि त्याच्या झडपांची वेळ बदलणारी यंत्रणासुद्धा तेलाच्याच दाबावर चालते. भाच्याची गाडी सकाळी चालू केली की वरून टकटक आवाज येत असे, तो पुस्तकातले तेल घातल्यावर थांबला. म्हणजे पातळ तेवढे चांगले असेही नव्हे. काही शर्यती इंजिनांना त्यांचा निर्माताच दाट तेल सांगतो. आकडा इंजिनाचा असतो, हवेचा किंवा हौसेचा नव्हे.

कारखान्यात रेणू जुळवून बनवलेली, म्हणजे सिंथेटिक तेले, हा पुढचा टप्पा. ती थंडीत लवकर वाहतात आणि उष्णतेत लवकर मोडत नाहीत. मोबिल कंपनीने १९७४ मध्ये अमेरिकेत मोबिल वन विकायला काढले. गंमत अशी की मोबिल ही त्याच व्हॅक्यूम ऑइलची वारस, जिथून वेकफिल्ड बाहेर पडला होता.

हे झाले इंजिनाच्या आतले. आत आपल्याला सगळे घसरायला हवे आहे. पण ती सगळी शक्ती शेवटी रस्त्याला भिडते चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांतून. तिथे घसरून चालत नाही! आत घर्षण मारायचे आणि बाहेर ते जपायचे, वेगवान गाडीचा सगळा इतिहास मला या दोन टोकांमध्ये दिसू लागला.

बाहेरचे टोक उशिरा सुधारले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या ब्युइक कंपनीने मॅक्सट्रॅक नावाची यंत्रणा दिली. मागची चाके पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागली, म्हणजेच घसरू लागली, की ती इंजिनाचा जोर कमी करी. कल्पना अचूक होती, पण ती फार काळ टिकली नाही. १९७८ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लाससाठी ब्रेक लावताना चाक न अडकू देणारी एबीएस यंत्रणा आणली. प्रत्येक चाकाचा वेग मोजण्याची सोय त्यात झाली. तीच मोजणी उलट्या कामाला लावून, १९८६ मध्ये बॉशने ट्रॅक्शन कंट्रोल बाजारात आणले.

आणि मग १९९२ साल. मी तेव्हा सातवीत होतो आणि आमच्या वाड्यावर कोणाकडे मारुती आली की मुले पाहायला जमत. त्या वर्षी अमेरिकेत शेवरलेच्या कॉर्व्हेटमध्ये नवे ३०० अश्वशक्तीचे इंजिन आले. त्याच्यासोबत दोन गोष्टी कारखान्यातूनच आल्या : इंजिनात मोबिल वन, आणि चाकांसाठी बॉशचे ट्रॅक्शन कंट्रोल. सिंथेटिक तेलाच्या भरवशावर त्यांनी तेल थंड करणारा वेगळा कूलरही काढून टाकला. चाक घसरले तर ती यंत्रणा ठिणगीची वेळ मागे ढकली, थ्रॉटल मिटवी, ब्रेक लावी. चालकाच्या पायाखालचा पेडल अक्षरशः वर रेटला जाई. 'पुरे आता' असे गाडीच सांगे. आतले आणि बाहेरचे टोक असे एकाच गाडीत भेटले.

त्याच वर्षी, त्याच देशात, डॉज वायपर आली. ८ लिटरचे इंजिन, ४०० अश्वशक्ती. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एअरबॅग नाही, दाराला बाहेरून कडीसुद्धा नाही! मर्दाने मर्दासारखी चालवावी, असा तिचा बाणा. आणि त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये नायजेल मॅन्सेलने विल्यम्सच्या ज्या गाडीतून ९ शर्यती आणि विजेतेपद जिंकले, त्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल होते. जगातला सर्वोत्तम चालक ते बंद करून मिरवत नव्हता.

भाचा म्हणाला, "पण मामा, फॉर्म्युला वनमध्ये नंतर बंदी आली ना?" खरे आहे. १९९४ पासून बंदी आली, २००१ मध्ये परवानगी मिळाली, २००८ पासून पुन्हा बंदी. पण का? शर्यतीत माणसाच्या पायाची परीक्षा घ्यायची असते म्हणून. फर्मागुडीच्या वळणावर कोण परीक्षा घेत होते? रस्त्याचा नियम उलटा आहे. गाडीचा तोल सावरणारी यंत्रणा अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपर्यंत सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची केली, आणि २०१३ च्या वायपरमध्येसुद्धा ती निमूटपणे आली. बाणा वीस वर्षे टिकला.

मग ते बटण दिले तरी कशाला? चाक वाळूत किंवा चिखलात रुतले की थोडे फिरू द्यावे लागते, नाहीतर यंत्रणा जोरच देत नाही आणि गाडी हलत नाही. त्यासाठी आणि बंदिस्त शर्यतमार्गासाठी ते आहे. आपल्या पहिल्या पावसासाठी तर नक्कीच नाही. आठ महिन्यांची धूळ आणि गाड्यांचे सांडलेले तेल त्या दिवशी पाण्यावर तरंगते. जे वंगण इंजिनात हवे, तेच नेमके रस्त्यावर पसरलेले असते! आणि हेही सांगायला हवे की बटण चालू असले म्हणून वळणावर वाटेल तसा वेग चालत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल जोर आवरते. झिजलेल्या टायरला पकड देणे त्याच्या हाती नाही.

हे सगळे मी भाच्याला सांगितले ते पुस्तकातला आकडा पाठ करायला लावून नव्हे, तर आजीच्या एरंडेलापासून सुरुवात करून. तो हसला, पण ऐकले. 'छापलेलं ऐक' हे पहिल्या वेळी पटले नव्हते, कारण ते का छापले होते ते मलाच ठाऊक नव्हते.

यंदा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आवाजात धास्ती नव्हती. "पोचला रे घरी," ती म्हणाली, "वाटेत ती पिवळी बत्ती दोनदा लुकलुकली म्हणे." म्हणजे चाक दोनदा घसरू पाहत होते, आणि दोन्ही वेळा कोणीतरी ते आवरले होते.