वाणसामान खरेदी : मुंबई इलाखा (१९००–१९४७)

धान्य, डाळी, तेल, तूप, गूळ, मीठ, मसाला, दिवाबत्तीचे साहित्य आणि भांडीकुंडी या नित्य लागणाऱ्या वस्तू घरासाठी विकत घेण्याचा व्यवहार. या नोंदीत मुंबई इलाख्याच्या मराठी मुलखाचा, त्यातही मुख्यतः मुंबई आणि पुणे या शहरांचा विचार केला आहे. या काळात वस्तूचे मोल केवळ बाजारभावाने ठरत नसे. माप कोणते, पैसे रोख की उधार आणि गिऱ्हाईक कोण, यांवरही ते ठरे. या तिन्ही बाबतींत सर्वाधिक भुर्दंड पडे तो गरिबाला.

बेगमी व रोजची खरेदी : सुस्थितीतील शहरी कुटुंबे सुगीनंतर, बहुधा उन्हाळ्यात, वर्षाचे धान्य एकदम भरून ठेवीत. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवीत, धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालीत आणि कणगी, पिंपे किंवा रॉकेलचे धुतलेले डबे भरीत. मिरच्या, हळद, चिंच व मीठ यांचीही अशीच बेगमी होई. सुगीतला उतरलेला भाव व मालाची पारख हे तिचे दोन फायदे. मात्र त्यासाठी हातात रोकड आणि घरात जागा लागे. चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराकडे दोन्ही नसत. तो महिन्याचे सामान वाण्याकडून उधार आणी किंवा रोज लागेल तेवढेच घेई : पैशाचे तेल, दोन पैशांची डाळ, आण्याचे तांदूळ. सुट्या खरेदीत तोच जिन्नस त्याला महाग पडे.

नाणी, वजने व मापे : एका रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. चांदीचा रुपया एक तोळा (१८० ग्रेन) वजनाचा असल्याने तागडीत तो वजन म्हणूनही चाले. किराणा शेर, पावशेर, नवटाक (शेराचा आठवा भाग) व छटाक (सोळावा भाग) या वजनांनी, तर धान्य बहुधा मापाने विकत. चार शेरांची पायली होई. त्याखाली मापटे (अर्धा शेर), चिपटे (पाव शेर), कोळवे व निळवे अशी निम्म्यानिम्म्याने उतरणारी मापे होती. किती पायल्यांचा मण धरायचा हे मात्र गावोगाव वेगळे असे. मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा, तर रेल्वेने मान्य केलेला बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. तेव्हा नुसत्या मणाच्या भावावरून दोन बाजारांची तुलना करता येत नसे.

धान्य मोजताना मापारी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे आणि पुढे दोन, तीन असे मोजी. माप शिगेचे (वर रास ठेवून) की सपाट (काठाशी हात फिरवून) यावर पायलीमागे बराच फरक पडे. घेताना शिगेचे व देताना सपाट, अशी वाण्याविरुद्धची तक्रार त्या काळी सर्रास ऐकू येई. मापांत एकसूत्रीपणा आणण्यासाठी मुंबई सरकारने १९३२ मध्ये वजने व मापे यांचा कायदा केला. पण खेड्यापाड्यांतून जुनी मापे पुढेही बराच काळ टिकून राहिली.

बाजारपेठा : मुंबईत भाजीपाला व फळे यांसाठी क्रॉफर्ड मार्केट (१८६९), धान्यासाठी दाणाबंदर, मसाल्यासाठी मिर्ची गल्ली व भांड्यांसाठी तांबाकाटा ही ठिकाणे प्रसिद्ध होती. पुण्यात १८८६ मध्ये उघडलेल्या रे मार्केटला पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. तांबट आळीत तांब्यापितळेची भांडी, बोहरी आळीत लोखंडी व परचुटन सामान आणि तुळशीबागेत संसारोपयोगी किरकोळ वस्तू मिळत. ग्रामीण भागात आठवडी बाजार हेच खरेदीचे मुख्य ठिकाण होते. किराणा व्यवसायात लिंगायत वाणी, गुजर, मारवाडी, कच्छी इत्यादी समाजांचे लोक होते.

उधारी : कामगारवस्तीतील खरेदीचा सारा डोलारा उधारीवर उभा होता. मुंबईच्या बहुतेक गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेला हाती येई. नव्याने लागलेल्या कामगाराला त्यामुळे जवळजवळ सहा आठवडे उधारीवर काढावे लागत. वाणी त्याच्या नावे खाते उघडी, रोजची उचल वहीत मांडी आणि पगाराच्या दिवशी हिशेब मागे. बाकी राहिली की ती पुढे ओढली जाई व खाते कायमचे बांधले जाई. बाकी असेपर्यंत दुकान बदलता येत नसे. म्हणून भाव, माप किंवा भेसळ यांबद्दल तक्रार करण्याची सोयही नसे.

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने (स्थापना १९२१) केलेली कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी हे या विषयाचे महत्त्वाचे साधन होय. जी. फिंडले शिरास यांनी तयार केलेला तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी मुंबईतील २,४७३ कामगार कुटुंबांचा व ६०३ एकट्या कामगारांचा जमाखर्च तपासला होता. कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ५७ टक्के अन्नावर, ७ टक्क्यांहून थोडे अधिक सरपण व दिवाबत्तीवर, तर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास कपड्यांवर जात. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. कर्जावर रुपयाला दरमहा एक आणा व्याज हा सर्वसाधारण दर होता. म्हणजे वर्षाला ७५ टक्के.

वाण्याच्या उधारीवर पुष्कळदा वेगळे व्याज लावीत नसत. ते चढ्या भावात व हलक्या मालात मुरलेले असे. पाहणीतील अन्नखर्चाच्या आकड्यात त्यामुळे काही भाग वस्तुतः व्याजाचा आहे. तो किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. तथापि या पाहणीचा उपयोग करताना ही गोष्ट दृष्टिआड होता कामा नये. दुसरीकडे, संपाच्या वा बेकारीच्या दिवसांत वाण्याच्या उधारीवरच कामगारांची चूल पेटत राहिली, हेही तितकेच खरे आहे. कारखान्यांतील पगार ठरावीक मुदतीत, म्हणजे महिना संपल्यावर सात किंवा दहा दिवसांत, देण्याचे बंधन १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने घातले.

अस्पृश्यांची खरेदी : दुकानाच्या पायरीखाली उभे राहून, माल वरून टाकून घेण्याची वेळ अनेक गावांत अस्पृश्यांवर येई. हक्क मागणाऱ्या वस्तीवर गावाने बहिष्कार घातला की वाण्याने जीवनावश्यक जिन्नस विकणे बंद करावे, असाही दबाव येई. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात या प्रकाराची नोंद आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. गाठीला पैसा असूनही मीठमिरची न मिळणे हा अन्याय भाववाढीच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

परदेशी व स्वदेशी माल : सनलाइट साबण १८८८ पासून आयात होत होता. रॉकेल चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यातून येई व रिकामा डबा पाणी भरण्यापासून धान्य साठवण्यापर्यंत उपयोगी पडे. वंगभंगानंतरच्या (१९०५) स्वदेशी चळवळीत मुंबईत स्वदेशी भांडार निघाले. पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगाव येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. ओगले बंधूंच्या कारखान्याचा (१९१६) प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. गिरगावात व्ही. पी. बेडेकर यांनी १९१० मध्ये किराणा दुकान थाटले व पुढे मसाले-लोणची बाजारात आणली. १९३७ मध्ये डालडा हे वनस्पती तूप आले. वनस्पती तूप व साजूक तुपातील भेसळ यांवर बराच वाद झाला. भेसळीविरुद्ध मुंबई इलाख्यात १९२५ चा कायदा होता.

स्त्रिया : बाजारहाट बहुधा पुरुष करीत. स्त्रियांची खरेदी दारावर येणाऱ्या कोळिणी, कासार व जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी यांच्याकडून होई.



महागाई व नियंत्रण : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भाव कडाडले. १९१८ च्या आरंभी मुंबईत धान्याची दुकाने लुटली गेली. त्याच वर्षी पाऊस हुकला व इन्फ्लुएंझाची साथ आली. जुलै १९१४ च्या तुलनेत १९२० मध्ये कामगारांचा राहणीखर्च जवळजवळ दुपटीला पोहोचला. काही गिरण्यांनी स्वस्त धान्याची दुकाने चालविली. दुसऱ्या महायुद्धात, २ मे १९४३ रोजी, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. ठरलेल्या भावाने ठरलेले धान्य रोखीने मिळण्याची ही पहिलीच मोठी व्यवस्था होती. रांगा व निकस धान्य यांबद्दल तिच्यावर टीका झाली, पण गरीब व श्रीमंत यांना एकाच भावाने धान्य देण्याचे तत्त्व तिच्यामुळे रूढ झाले.

सहकारी भांडारे : १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरता होता, १९१२ च्या कायद्याने ग्राहक भांडारांना वाट मिळाली. महागाईच्या काळात अनेक भांडारे निघाली व भाव उतरताच बरीचशी बंद पडली. सभासद भांडाराशी निष्ठावान नव्हते, असे कारण सांगितले जाते. परंतु भांडारे रोखीने विकत आणि कामगाराला उधार हवे असे; खरी अडचण येथे होती. मुंबईत नायगाव येथे १९४८ मध्ये कामगारांनी सुरू केलेले भांडार ‘अपना बाजार’ या नावाने पुढे नावारूपाला आले. १९५७ चे दशमान चलन आणि १९५८ पासून लागू होत गेलेली मेट्रिक वजने यांनी मापांचा गोंधळ मिटविला. उधारीचा प्रश्न मात्र कायद्याने सुटण्याजोगा नव्हता. तो पगार वेळेवर व पुरेसा मिळण्याशी बांधलेला होता.