खुर्चीभोवतीची माणसे
राजकीय कादंबरीच्या नव्या वाचकांसाठी प्रस्तावना

राजवाडे संशोधन मंडळ धुळेकरांना परिचयाचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली याच शहरात निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. मात्र दप्तरे धुंडाळणाऱ्या राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर निबंध लिहिला आणि युरोपातील थोर कादंबरीकार समोर ठेवून मराठी कादंबरी तपासली, हे सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. सत्ता नेत्याचे काय करते, हे कादंबरीतून कसे वाचावे याची वाट दाखवणारी ही प्रस्तावना धुळ्यातून लिहिली जात आहे, याचा मनोमन अभिमान वाटतो.

खानदेशाने सत्तेच्या राजकारणाआधी त्यागाचे राजकारण पाहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्या पिढीतली काही माणसे स्वातंत्र्यानंतर जिल्हा बँकेत, साखर कारखान्यात, शिक्षणसंस्थेत, विधानसभेत जाऊन बसली. पुढे काय झाले, हे वर्तमानपत्रे तुकड्यातुकड्याने सांगतात. भ्रष्टाचार उघड झाला की त्याची बातमी होते. त्याआधीची वीस वर्षे मात्र बातमीत मावत नाहीत. कादंबरी नेमकी तिथे उपयोगी पडते.

वाचकांनी सुरुवात अरुण साधूंपासून करावी. ‘मुंबई दिनांक’ १९७३ साली आली, ‘सिंहासन’ १९७७ साली. साधू पत्रकार होते. सत्तेच्या दालनांतली हवा त्यांच्या ओळखीची होती. मुख्यमंत्री जिवाजीराव खुर्ची टिकवण्यात गुंतलेले आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे ती मिळवण्यात. या कादंबऱ्या हाती घेताना तुम्ही कदाचित खलनायक शोधाल. तो सापडणार नाही. दोघेही हुशार आहेत, दोघांनाही माणसांची पारख आहे. पण ती सगळी पारख आता कोणता आमदार कुणाकडे झुकतो एवढ्याचसाठी खर्च होते. कामगारांचा लढाही या डावातली सोंगटी होऊन बसतो. पैसा खाल्ला की नाही हा प्रश्न इथे दुय्यम वाटतो. नेत्याचा माणसांवरचा विश्वास आधी जातो आणि बाकीची पडझड त्यामागून येते. साधूंचे मोठेपण मला इथे दिसते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. नेत्याइतकेच लक्ष त्याच्याभोवतीच्या माणसांकडे द्या. बदलीची चिठ्ठी घेऊन आलेला पाहुणा, तिकिटाची आशा धरून असलेला कार्यकर्ता, ‘साहेब, आपलाच माणूस आहे’ म्हणणारा मध्यस्थ. यातला एकेकजण किरकोळ काम सांगतो, आणि त्या कामांचा ढीग साचला की साहेबांना नाही म्हणण्याची सोय उरत नाही. आपल्या कादंबरीकारांनी ही देवघेव ओळखली, हे मराठी राजकीय कथनाचे खास धन आहे.

मंत्र्यांचे जग तुम्हाला दूरचे वाटत असेल, तर भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ (१९७९) घ्या. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांचा चांगदेव पाटील प्राध्यापक आहे आणि त्याच्या भोवती आहे ती महाविद्यालयातली गटबाजी, संस्थाचालकांची मर्जी आणि जातीची गणिते. सत्ता इथे लहान आहे, पण तिच्या सवयी मोठ्या सत्तेसारख्याच आहेत.

त्यानंतर रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’कडे (१९९४) वळावे. हा ग्रंथ दांडगा आहे. घाई करू नये. १९४२पासून सत्तरच्या दशकाअखेरपर्यंतचा पट त्यात आहे, आणि १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ‘सिंहासन’मध्ये आपण माणसे बदलून गेल्यानंतर त्यांना भेटतो, ‘ताम्रपट’मध्ये ती बदलताना दिसतात. चळवळीतला कार्यकर्ता कोणत्या दिवशी पुढारी झाला, असा दिवस दाखवता येत नाही. एवढी पाने का लागली, ते त्यावरून कळते.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. मोरोबा कान्होबा यांचे ‘घाशीराम कोतवाल’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे मराठी कादंबरीच्या अगदी बाल्यावस्थेत. १९७२ साली विजय तेंडुलकरांनी त्याच कोतवालाचे नाटक केले. त्यात घाशीराम बिघडतोच, पण त्याला अधिकार देणारे नाना फडणवीस शेवटी अलगद सुटतात. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये (१९४५) क्रांतीचे पुढारीच नवे मालक होतात. त्याच्या शेजारी ठेवून हे नाटक वाचलेत, तर दोन्ही कृती अधिक उलगडतील.

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपट तुम्ही पाहिलाही असेल. नसेल, तर कादंबऱ्या आधी वाचाव्यात. तेंडुलकरांनी पटकथा लिहिताना साधूंच्या दोन्ही कादंबऱ्या एकत्र आणल्या. काय घेतले आणि काय सोडले, हे ताडून पाहण्याचा आनंद मग वाचकाला मिळतो.