पाऱ्याचा दिवा आणि त्याचे वारस

शहरांतील पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करण्याचें एक यंत्र टांगलेलें असतें. त्यांपैकीं अनेक यंत्रांच्या पोटांत एक बारीक नळी असते. यंत्र सुरू झालें कीं ती मंद निळसर उजळते आणि तिच्या भोंवतालून वाहणाऱ्या पाण्यांतील जंतु निकामी होतात. डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या अंगीं हें सामर्थ्य नसतें. तें असतें त्याच्या जोडीनें निघणाऱ्या अदृश्य, अतिनील किरणांत. आणि हे किरण निर्माण करतो तो त्या नळींतील अवघा कांहीं मिलिग्रॅम पारा. ज्या पाऱ्याला साऱ्या जगानें विष ठरविलें, त्याच्याच साह्यानें पिण्याचें पाणी निर्मळ करावयाचें, असा हा विलक्षण व्यवहार आहे. तो मोडण्याची खटपट एका धंद्यांत लवकर साधली, दुसऱ्यांत मात्र अडून बसली. असें कां व्हावें?

अतिनील किरणांचा शोध १८०१ सालीं जर्मनींत येना येथें योहान विल्हेल्म रिटर यानें लाविला. प्रकाशानें काळें पडणारें सिल्व्हर क्लोराइड त्यानें सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यांत जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं तेथें, ठेविलें. आणि तें तेथेंच सर्वांत लवकर काळें पडलें. १८७७ सालीं डाउन्स व ब्लंट या दोघां इंग्रजांनीं सूर्यप्रकाश जंतूंची वाढ थांबवितो हें दाखवून दिलें. परंतु सूर्य कांहीं कारखान्यांत आणून बसवितां येत नाहीं. ती सोय न्यूयॉर्कच्या पीटर कूपर ह्यूइट यानें केली. पाऱ्याच्या वाफेंतून वीज खेळवून प्रकाश देणाऱ्या दिव्याचें पेटंट त्याला १९०१ सालीं मिळालें. तथापि साधी काच हे जंतुनाशक किरण गिळून टाकते. जर्मनींतील हानाऊ येथील हेरेउस यांच्या कारखान्यांत रिचर्ड क्यूख यानें शुद्ध स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, वितळवून त्याची स्वच्छ काच करण्याची युक्ति साधली होती. त्या काचेच्या नळींत पाऱ्याची वाफ कोंडली आणि अतिनील किरणांना बाहेरची वाट मोकळी झाली. १९१० च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय शहरीं या दिव्यांनीं पाणी निर्जंतुक करण्याचा मोठा प्रयोग झाला; पण क्लोरीन स्वस्त होता, सोपा होता, आणि पुढें कित्येक वर्षें तोच वरचढ राहिला.

पाऱ्याची खरी थोरवी येथें ध्यानांत घेतली पाहिजे. कमी दाबाची पाऱ्याची वाफ आपला बहुतेक अतिनील प्रकाश २५४ नॅनोमीटर या एकाच लहरीवर सोडते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आतां जंतूंच्या पेशींतील डीएनए ज्या लहरींनीं सर्वाधिक दुखावतो त्या नेमक्या २६० च्या आसपासच्या आहेत. कोणी योजून जमविला नसता असा हा योग! शिवाय दिव्याला दिलेल्या विजेचा सुमारें तिसरा हिस्सा या एका कामीं लागतो. दाब वाढविला तर तीच वाफ अनेक लहरींचा प्रखर प्रकाश देते. त्या दिव्यांनीं छापखान्यांत, लांकडावरील वार्निशाच्या कारखान्यांत खास रसायनांची शाई व लेप क्षणार्धांत वाळवितां येऊं लागले.

दुसरी बाजू पुढें आली ती वेगळ्याच वाटेनें. धान्याच्या डब्यांत पाऱ्याच्या टिकड्या ठेवणाऱ्या घरांना त्याचें भय असें कधीं वाटलेंच नव्हतें. जपानांतील मिनामाता येथें एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यांतून पाऱ्याचें एक संयुग समुद्रांत गेलें, माशांत सांचलें आणि मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या मज्जातंतूंवर उतरलें. १९५६ सालीं त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. त्या गांवाचें नांव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला व २०१७ सालीं अमलांत आला. भारतानें त्यास २०१८ सालीं मान्यता दिली. दिव्यांचा त्या दुर्घटनेशीं कांहीं संबंध नव्हता, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलेंच पाहिजे. पण पारा तो पारा.

तोंवर नवा वारस जन्मला होता. निळ्या एलईडी दिव्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच जातीचे अर्धवाहक पदार्थ घेऊन जांभळ्यापलीकडे, ३६५ ते ४०५ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश देणारे दिवे बनले. २००८ सालीं ड्युसेलडॉर्फ येथील मुद्रणयंत्रांच्या प्रदर्शनांत रिओबी या जपानी कंपनीनें अशा दिव्यांनीं शाई वाळविणारें यंत्र मांडलें. छापखानदारांना त्याचें महत्त्व सांगावें लागलें नाहीं. पाऱ्याचा दिवा तापावयास कांहीं मिनिटें घेई आणि एकदां विझला कीं निवल्यावांचून पुन्हा पेटत नसे. म्हणून यंत्र थांबलें तरी तो झडपेआड जळत ठेवावा लागे. त्याच्या उष्णतेनें पातळ प्लॅस्टिक आंखडे, ओझोन वायु नळकांड्यांतून बाहेर काढावा लागे. नवा दिवा कळ दाबतांच लागतो आणि दाबतांच विझतो.

अडचण होती ती शाईची. जुनी शाई जुन्या दिव्याच्या अनेक लहरींवर पोसलेली. नव्याची एकच लहर तिला पुरेना. थर आंतून घट्ट होई, पण वरचा पापुद्रा चिकट राही, कारण हवेंतील प्राणवायु पृष्ठभागावरील क्रिया रोखतो. तेव्हां रसायनज्ञांनीं शाईच बदलली. लांब लहरी शोषणारीं उत्तेजक द्रव्यें तिच्यांत घातलीं आणि काम मार्गीं लागलें. पण या फेरबदलाचेंही बिल आलें. त्या द्रव्यांतील टीपीओ नांवाचें एक मोठें लोकप्रिय रसायन प्रजननास अपायकारक ठरून २०२३ सालीं युरोपांत चिंताजनक पदार्थांच्या यादींत गेलें, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तेथें नखांच्या रंगासारख्या प्रसाधनांत त्यावर बंदी आली.

पाण्याच्या बाबतींत मात्र ही तोडही नाहीं. शाई दिव्याला साजेशी करतां येते. जंतु कसे करणार? तेथें २६० च्या जवळपासचीच लहर हवी, आणि ती काढावयाची तर अर्धवाहकांत ॲल्युमिनियमचें प्रमाण वाढवावें लागतें. तसतसा तो पदार्थ विजेला अधिक नाठाळ होतो, आणि वीज आंत सोडणारे कांहीं थर प्रकाशच गिळूं लागतात. २००६ सालीं जपानी संशोधकांनीं २१० नॅनोमीटरपर्यंत मजल मारली, पण ती प्रयोगशाळेंतली. बाजारांतील अशा दिव्यांना दिलेल्या विजेपैकीं शेंकडा पांचसात भागच सामान्यतः कामीं येतो. पेल्याएवढ्या पाण्याला तें चालतें. शहराला नाहीं.

शहराची गरज किती निकडीची असते हें अमेरिकेंतील मिल्वॉकी येथें १९९३ सालीं दिसलें. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा, क्लोरीनला दाद न देणारा सूक्ष्मजीव नळाच्या पाण्यांत शिरला आणि सुमारें चार लक्ष लोक आजारी पडले. पुढें थोड्याशा अतिनील किरणांनीं तो निकामी होतो असें आढळलें, आणि मार्सेयपासून मागें पडलेल्या दिव्याचे दिवस पालटले. न्यूयॉर्क शहरानें २०१३ सालीं ५६ यंत्रांचें, दररोज २०० कोटी गॅलन पाण्याच्या क्षमतेचें केंद्र चालू केलें. त्यांतले हजारों दिवे पाऱ्याचे आहेत.

२०२३ सालीं जिनिव्हा येथें करारांतील राष्ट्रांनीं सर्वसाधारण प्रकाशासाठीं वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या नळ्यांचें उत्पादन २०२७ अखेर थांबविण्याचें ठरविलें. पाणी निर्जंतुक करणारे दिवे त्या यादींत घातले नाहींत. पळवाट म्हणून याची संभावना करणाऱ्यांनीं मिल्वॉकी आठवावें. स्वयंपाकघरांतील नळी त्यामुळें तूर्त जागच्या जागीं आहे. ठराविक काळानें मनुष्य येऊन ती बदलून जातो, आणि जुनी नळी पिशवींत घालून तो कोठें नेतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.