एका रांगेत अनेक मोटारी

कुंभिवलीसारख्या खालापूर तालुक्यातल्या गावाला बोरघाट काही परका नाही. त्या घाटातल्या रेल्वेबोगद्यांचे मोठे काम शेठ वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने केले होते. याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला मोटारींचा कारखाना घातला. बोगदा डोळ्यांना दिसतो. कारखान्याच्या पोटातले कोडे मात्र दिसत नाही, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी जरा अमेरिकेत जाऊ. १९१३ मध्ये हेन्री फोर्डने सरकती रांग सुरू केली. गडी जागेवर उभा, मोटारच त्याच्यापुढून सरकते, आणि प्रत्येकाच्या हाताला एकच ठरलेले काम. मोटारीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. पण या रांगेला एकच वस्तू ठाऊक! १९२७ साली टी मॉडेल सोडून ए मॉडेल काढायचे ठरले, तेव्हा कारखाना कित्येक महिने बंद ठेवावा लागला. लाखांनी खप असणाऱ्या धन्याला ते परवडले.

आपल्याकडे तसा खप कुठला? १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला, तो मोटारींचाही आणि ट्रकचाही. गिऱ्हाईक थोडे आणि मागण्या नाना तऱ्हेच्या. दर जातीला निराळी रांग घातली, तर ती निम्मा काळ रिकामीच पडायची. म्हणून एकाच रांगेवरून अनेक जाती काढायच्या. इथेच खरी गोम आहे.

समजा, रांग दर दहा मिनिटांनी पुढे सरकते. एका जागी मोठ्या मोटारीला बारा मिनिटे लागतात, लहानीला आठ. लागोपाठ तीन मोठ्या आल्या, की त्या गड्यावर सहा मिनिटांचे काम तुंबते. एक मोठी, एक लहान अशी आली, तर हिशेब जुळतो. खळ्यावर भात झोडताना मोठेच भारे एकामागून एक येऊ लागले की काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. पुष्कळदा मालक म्हणतो, गडी कामचुकार आहे. मला वाटते, निम्म्या वेळा दोष मोटारींचा क्रम लावणाऱ्याचा असतो. जपानात टोयोटाच्या लोकांनी महायुद्धानंतर हा क्रम लावण्याचे शास्त्रच बनवले.

दुसरी युक्ती आणखी सोपी. निरनिराळ्या वस्तूंची हाडे एक ठेवायची. कुर्ल्याहून १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा मोटारी बाहेर पडू लागल्या. बघणाराला तीन गाड्या; पण अंग बव्हंशी एकच, फरक समोरच्या जाळीत आणि नावाच्या पट्टीत. सुटे भाग एक, हत्यारे एक, गड्याला शिकवायचे कामही एकच.

पुढे सरकारने नुसती जोडणी पुरे नाही, भागही इथेच घडवा, असा आग्रह धरला. १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीचे काम आवरले. कुर्ल्याचा कारखाना टिकला. त्याच सुमारास तिथे फियाट ११०० सुरू झाली. तिचीच पुढची पिढी पद्मिनी, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.